मुस्तफाचा पिक्चर

परभणी जिल्ह्यात ज्या गेमला ‘मुस्तफा’ म्हणतात त्याचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली नाणे टाकून खेळायच्या यंत्रासाठी काढला. तेव्हा हिंगोली, वसमत, कळमनुरी ही गावे परभणी जिल्ह्यातच होती. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा निघाला, पण मुस्तफाची वाटणी काही झाली नाही. सेलूत, पूर्णेत, जिंतुरात, गंगाखेडात आज पस्तिशी-चाळिशीला आलेल्या माणसापुढे हे नाव काढले की त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे आपोआप हलू लागतात. इंग्रजी नाव सांगितले तर तोच माणूस कोरा चेहरा करून बघतो.

या मुस्तफावर चित्रपट निघाला नाही. मारामारीच्या गेमांवरचे जाहीर होऊन राहिलेले, हक्कांच्या भांडणात अडकलेले, दिग्दर्शक सोडून गेल्यामुळे बारगळलेले चित्रपट जगात बरेच आहेत. मुस्तफाचा त्यांच्या यादीतही नंबर लागत नाही. तरी न निघालेल्या चित्रपटांचा विचार त्याच्यापासून सुरू करणे सोयीचे, कारण चित्रपटाला लागते ते जवळजवळ सगळे त्याच्यापाशी आधीच होते.

मुळात गोष्ट होती. मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराची ‘झेनोझोइक टेल्स’ ही चित्रकथा १९८७ पासून अंकांतून निघू लागली. प्रदूषण आणि नैसर्गिक उत्पातांना भिऊन माणसे जमिनीखाली शहरे बांधून राहायला जातात, सुमारे सहाशे वर्षांनी वर येतात, तर पृथ्वी पुन्हा डायनोसॉरांच्या ताब्यात गेलेली. जॅक टेनरेक नावाचा मेकॅनिक जुन्या कॅडिलॅक मोटारी दुरुस्त करून या जगात हिंडतो. हॅना डंडी ही दुसऱ्या टोळीची राजदूत म्हणून आलेली, हुशार आणि फटकळ. मुस्तफा कैरो हा जॅकचा इंजिनिअर मित्र. म्हणजे मूळ कथेत तो नायकाच्या बाजूला उभा राहणारा माणूस. शुल्ट्झ यांचे चित्रकाम फार देखणे आणि फार सावकाश; चौदा अंक होऊन १९९६ मध्ये ही कथा मधेच थांबली. जिच्यावर हा गेम बेतला ती गोष्टच अपुरी राहिली.

टीव्ही मालिकाही होती. अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर १९९३-९४ मध्ये या कथेवरची तेरा भागांची कार्टून मालिका दाखवली गेली. ती उभी करणारा लेखक स्टीव्हन डिसूझा. ‘कमांडो’ आणि ‘डाय हार्ड’ या चित्रपटांच्या पटकथांत त्याचा हात होता. याच डिसूझाने १९९४ मध्ये ‘स्ट्रीट फायटर’ या कॅपकॉमच्याच गेमवरचा चित्रपट लिहिला आणि दिग्दर्शित केला. मुस्तफाची गोष्ट छोट्या पडद्यासाठी रचणारा आणि मारामारीच्या गेमला मोठ्या पडद्यावर नेणारा माणूस एकच, आणि दोन्ही कामे लागोपाठची. तरी त्या दोन कामांचा सांधा जुळला नाही.

जुळला नाही याचे एक कारण नावातच आहे. कथा शुल्ट्झ यांची, गेम कॅपकॉमचा आणि कॅडिलॅक हे जनरल मोटर्सच्या मोटारीचे नाव. एका शीर्षकात तीन मालक. शेतीच्या सातबाऱ्यावर तीन नावे लागली की बांधावरचे झाड तोडायलाही कसे तिघांचे अंगठे लागतात, हे परभणीच्या वाचकाला सांगायची गरज नाही. घरी टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रांवरही हा गेम कधी आला नाही. कॅपकॉमने २०१८ साली आपल्या जुन्या मारामारीच्या सात गेमांचा संच नव्याने विकायला काढला, त्यातही मुस्तफा नव्हता. जो गेमच पुन्हा विकता येत नाही त्याचा चित्रपट कोण काढणार?

इकडे हा गेम चाले त्या परभणी जिल्ह्याच्या गावांत व्हिडिओ गेमचे म्हणून वेगळे दुकान क्वचितच असे. कॅसेटच्या दुकानाची मागची बाजू, एसटी स्टँडसमोरच्या पानटपरीला लागून असलेला गाळा, शाळेच्या रस्त्यावर कुणाच्या तरी घराची पुढची खोली, अशा जागी दोन-तीन पेट्या भिंतीला लावून ठेवलेल्या. पेटी प्लायवूडची, सुताराने ठोकलेली. आत टीव्हीची काच, खाली हिरवा बोर्ड आणि तारांचा गुंता. बाहेर सनमायका, त्यावर भलत्याच कुठल्या तरी पैलवानाचे किंवा मोटारीचे स्टिकर. दांडीवरचा लाल गोळा हाताच्या घामाने गुळगुळीत झालेला. बटणांतले एक नेहमी रुतलेले, आणि ते कोणत्या बाजूने दाबले की उठते हे फक्त रोजच्या गिऱ्हाइकाला माहीत. मूळ यंत्रात तिघांना एकत्र खेळता येई. इकडच्या पेट्यांना बहुधा दोनच दांड्या असत. तिसरा मागे उभा राहून बोलायचे काम करी, आणि ते काम कमी महत्त्वाचे नव्हते.

नाणे टाकले की चौघांतून एक निवडायचा. जॅक सगळ्यात बरा, पण कुणाच्याच विशेष मनात न भरणारा. हॅना हातातले शस्त्र चांगले चालवी, पण बाईमाणूस घेऊन खेळणाऱ्याला मागचे हसत. मेस हा धिप्पाड, मारला की समोरचा लांब जाऊन पडे, पण चाल बैलगाडीची. राहिला मुस्तफा. डोक्यावर पिवळी टोपी, चौघांत सर्वांत चपळ, धावत जाऊन घातलेली त्याची लाथ दोघा-तिघांना एकदम आडवे करी. एका रुपयात जास्तीत जास्त वेळ तग धरायचा असेल तर हाच. म्हणून आधी पोरांनी मुस्तफाला घेतले, मग गेमलाच त्याचे नाव दिले. हे नामकरण परभणीचे एकटीचे नव्हे. देशभर बहुतेक ठिकाणी हेच झाले. पण दरवर्षी २ फेब्रुवारीपासून हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरणाऱ्या आणि वर्गाच्या हजेरीपटात दोन-चार मुस्तफा हमखास असणाऱ्या शहरात हे नाव परके वाटण्याचे कारणच नव्हते. हॉलीवूडच्या चित्रपटात या नावाचा माणूस नायक व्हायला बराच काळ थांबावे लागले असते. इथे तो रुपयाला एक या भावाने रोज नायक होत होता.

जपानी कंपनी, अमेरिकन कथा, इजिप्तच्या राजधानीचे आडनाव आणि मराठवाड्यातली लोकप्रियता, असा हा एकूण प्रवास.

ज्याच्यापाशी रुपया नाही त्याचीही सोय यंत्रात होती. कुणी खेळत नसले की यंत्र आपलेआप खेळून दाखवते. शीर्षक येते, मोटार येते, डायनोसॉर येतो, मग जॅक आणि मुस्तफा कुणाच्याही हाताविना दहा-पंधरा सेकंद मारामारी करतात आणि पुन्हा शीर्षक. याला सगळे डेमो म्हणत. सहा-सात वर्षांचे एखादे पोर स्टुलावर चढून दांडी घट्ट धरी आणि पडद्यावरच्या मुस्तफाबरोबर आपला हात हलवत राही. मुस्तफा डावीकडे गेला की दांडी डावीकडे, त्याने लाथ मारली की बटण. क्षणभर त्याचा स्वतःचाही विश्वास बसे की हे आपल्यामुळेच चालले आहे. मागून कुणी मोठा येई. “सरक की बे, डेमो हाय त्यो!” पोर उतरे, पण लांब जात नसे. भिंतीला टेकून तोच डेमो पुन्हा बघत राही. आठवड्याचा बाजार उरकून बापाची हाक येईपर्यंत बघत राही. मुस्तफाचा चित्रपट म्हणून जे काही जगात तयार झाले ते एवढेच, आणि ते फुकट होते.

गोष्ट मात्र त्या डेमोत नव्हती. गोष्टीचा मजकूर इंग्रजीत, भरभर वर सरकणारा, आणि तो वाचत बसणाऱ्याचा अर्धा वेळ वाया जाणार हे सगळ्यांना माहीत. त्यामुळे डायनोसॉरांची चोरटी शिकार करणाऱ्या टोळीशी हे चौघे लढत आहेत, ही मूळ कल्पना फारशी कुणापर्यंत पोचली नाही. तिच्या जागी टाकीजमध्ये पाहिलेल्या हिंदी पिक्चरचे साहित्य आले. कुणाच्या सांगण्यात मुस्तफाच्या भावाला मारलेले असे, कुणाच्या सांगण्यात जॅक आणि हॅना नवरा-बायको, आणि शेवटचा बॉस हा आधी यांचाच दोस्त. हे सांगणे खेळता खेळता चाले, मागच्या तिसऱ्याकडून, आणि ज्याचा हात चांगला त्याच्या गोष्टीला जास्त मान. शेवटच्या टप्प्यात फेसेंडन नावाचा शास्त्रज्ञ अक्राळविक्राळ प्राणी होऊन समोर येतो. तिथवर पोचलेले गावात मोजके. ज्यांनी तो पाहिला ते बाकीच्यांना त्याचे वर्णन करत. वर्णनात त्याची डोकी वाढत.

गेम आणि चित्रपट यांचे जमत नाही ते नेमके इथे. मारामारीचे गेम ढोबळमानाने दोन जातींचे. एका जातीत मुस्तफासारखे: एकामागून एक गुंडांना लोळवत उजवीकडे चालत राहायचे. दुसऱ्या जातीत ‘स्ट्रीट फायटर’, ‘मॉर्टल कॉम्बॅट’, ‘टेक्केन’: दोघे समोरासमोर, दोघांच्या डोक्यावर शक्तीची पट्टी, जो आधी रिकामा होईल तो पडला. दोन्हींत कथानक असते, पण ते कपड्यावरच्या काजासारखे. बटण घालायचे तर लागते, एरवी कुणी बघत नाही. या गेमांची खरी गोष्ट यंत्राच्या बाहेर घडते. कोणी कुणाला हरवले, कोणाचा रुपया किती वेळ टिकला, कोणी शेवटचे नाणे कुणाला दिले.

जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडात हेच दिसते. मराठवाड्याच्या गावोगावी यात्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्या असतात. सुरुवातीला लहान पोरांची रेवड्यांवर किंवा नारळावर, मग रुपये वाढत शेवटची मानाची. पंच दोघांचे हात धरून फडात फिरवतात, उंची-वजन जमते का लोकांना बघू देतात. याला जोड लावणे म्हणतात. मारामारीच्या गेममधला पात्र निवडायचा पडदा म्हणजे दुसरे काही नाही, जोड लावणेच आहे. हलगी वाजते, दोघे भिडतात, चार मिनिटांत एकाची पाठ मातीला लागते. पण बघणारा माणूस त्या चार मिनिटांत पंचवीस गोष्टी बघत असतो. हा अमक्याच्या तालमीतला, याचा बाप गेल्या साली याच फडात पडला होता, त्या दोन गावांचे पाण्यावरून वाकडे आहे. फड माहीत नसलेल्या माणसाला दोन अंगे एकमेकांत गुंतलेली दिसतात, बाकी काही नाही. कुस्तीवरचे चित्रपट चालतात ते याच कारणाने की ते फडाबाहेरचे सगळे आत आणतात. २०१६ सालच्या ‘सुलतान’ आणि ‘दंगल’ या दोन्ही चित्रपटांत कुस्ती थोडी आणि घर जास्त आहे. गेमवरून चित्रपट काढणाऱ्याला हे घर सापडत नाही, कारण ते यंत्रात नसते. ते खेळणाऱ्याच्या गावात असते, आणि प्रत्येक गावात वेगळे.

जे चित्रपट निघाले त्यांनी ही अडचण लपवली नाही. १९९४ चा ‘स्ट्रीट फायटर’ जाँ-क्लोद व्हॅन डॅमला घेऊन निघाला. गेममध्ये डझनभर लढवय्ये, प्रत्येकाला थोडी तरी जागा द्यायची म्हणून पडद्यावर लग्नाच्या मांडवासारखी गर्दी झाली. खलनायक बायसनचे काम करणारा राउल ज्युलिया हा कसलेला नट चित्रपट लागण्याआधी दोन महिने, ऑक्टोबर १९९४ मध्ये वारला. आज तो चित्रपट बहुतेक लोक त्याच्यासाठीच बघतात. भारतीय वाचकाने त्यात आणखी एक चेहरा शोधावा. गेममधला धालसिम हा भारतीय योगी, गळ्यात कवट्यांची माळ, हातपाय हवे तितके लांब करणारा, तोंडातून जाळ काढणारा; त्याच्या मागे हत्ती उभे. हे पात्र चित्रपटात रोशन सेठ यांनी केले. ‘गांधी’ चित्रपटात आणि ‘भारत एक खोज’ मालिकेत जवाहरलाल नेहरू झालेले तेच रोशन सेठ. हात लांब न होणारा, बायसनच्या प्रयोगशाळेत डांबलेला बिचारा शास्त्रज्ञ एवढेच त्यांच्या वाट्याला आले. नेहरूंना धालसिम करण्याचा विचार ज्याला सुचला त्याची कल्पनाशक्ती थोर म्हणायची, की भारतीय नटांची त्याची यादी फार आखूड होती म्हणायचे, हा प्रश्न उरतो.

व्हॅन डॅमच्या त्या चित्रपटाचा पुढचा भाग आला नाही. २००९ मध्ये चुन-ली या एकाच पात्रावर वेगळा चित्रपट निघाला, तो पडला. नंतर नवा ‘स्ट्रीट फायटर’ १६ ऑक्टोबर २०२६ ही प्रदर्शनाची तारीख देऊन जाहीर झाला. त्याचेही आधीचे दिग्दर्शक मधेच सोडून गेले. त्यात धालसिमच्या भूमिकेसाठी विद्युत जामवालचे नाव जाहीर झाले. निदान या वेळी लाथ मारता येणारा माणूस निवडला आहे.

‘मॉर्टल कॉम्बॅट’ची कहाणी जास्त बोलकी. १९९५ चा पहिला चित्रपट चांगला चालला. १९९७ चा दुसरा इतका वाईट निघाला की तिसरा जाहीर होऊनही वर्षानुवर्षे पुढे ढकलला गेला. २००९ मध्ये गेम काढणारी मिडवे कंपनीच दिवाळखोरीत गेली, तिची मालमत्ता वॉर्नर ब्रदर्सने घेतली. २०१० मध्ये केव्हिन टँचरोएन या दिग्दर्शकाने कुणाचीही परवानगी न घेता, स्वतःच्या खर्चाने आठेक मिनिटांचा एक नमुना करून इंटरनेटवर टाकला: चित्रपट असा करता येईल, बघा. लोकांना तो इतका आवडला की वॉर्नरने त्याला आधी वेबमालिका दिली, मग चित्रपटही देऊ केला. २०१३ मध्ये तो चित्रपटातून बाहेर पडला. शेवटी २०२१ मध्ये दुसऱ्याच दिग्दर्शकाचा ‘मॉर्टल कॉम्बॅट’ आला. दुसऱ्या आणि या चित्रपटात चोवीस वर्षांचे अंतर. या चोवीस वर्षांत जे सर्वांत ताजे निघाले ते ती आठ मिनिटे, म्हणजे पुन्हा एक डेमोच. ‘सोल कॅलिबर’चा चित्रपटही जाहीर होऊन राहिला, त्याचा तर डेमोही नाही.

भारतात गाडी उलट दिशेने धावली. इथे गेमवरून चित्रपट निघत नाहीत, चित्रपटावरून गेम निघतात. ‘गजिनी’वर गेम निघाला, ‘डॉन २’वर निघाला. २०११ सालचा ‘रा.वन’ तर मारामारीच्या गेमवरचा चित्रपट, फक्त तो गेमच अस्तित्वात नव्हता. चित्रपटातला बाप मुलासाठी एक अजिंक्य खलनायक असलेला गेम तयार करतो आणि तो खलनायक पडद्यातून बाहेर येतो. मग त्या काल्पनिक गेमच्या आधाराने मुंबईच्या ट्राइन गेम्सने प्लेस्टेशनसाठी खराखुरा गेम काढला. परभणीच्या पेट्यांपुढे वाढलेला पोरगा एव्हाना कॉलेजात होता. तिकीट काढून ‘रा.वन’ बघणाऱ्यांत तोही असणार, पण गावात प्लेस्टेशन किती घरांत होते हे बोटांवर मोजता आले असते.

हिशेब हाच या सगळ्याचा गाभा आहे. कुठल्या गेमवर चित्रपट काढायचा हे लोकप्रियतेवरून ठरते, आणि लोकप्रियता विक्रीच्या आकड्यांवरून. जिल्ह्याच्या गावांतल्या पेट्यांत बसलेले बोर्ड बहुतेक नकली होते. कुणी तरी मूळ बोर्डची प्रत उतरवलेली, तिची आणखी कुणी प्रत केलेली, आणि असे करत तो चार हातांतून पेट्या चालवणाऱ्या पार्लरवाल्यापर्यंत आलेला. त्यात पडलेल्या रुपयांतला एक पैसाही ओसाकाला गेला नाही. पैसा गेला नाही याची खंत कॅपकॉमने करावी. इथे महत्त्वाचे हे की बातमीही गेली नाही. मराठवाड्यातल्या एका पिढीने हा गेम तोंडपाठ केला, त्याला स्वतःचे नाव दिले, दुय्यम पात्राला नायक केले, आणि हे कुठल्याही कागदावर नोंदले गेले नाही. ज्यांच्या हातात चित्रपट काढणे होते त्यांच्या लेखी १९९३ चा हा एक परवान्याची मुदत संपलेला, जुना गेम. पोरे तरी कुठे हिशेब सरळ देत होती? नाण्याला भोक पाडून दोरा बांधायचा आणि आत सोडून वर ओढायचे, गॅसच्या लायटरची टिचकी नाण्याच्या फटीशी मारायची, अशा विद्या गावोगाव सांगितल्या जात. त्यांतल्या किती खऱ्या आणि किती फुशारकीच्या, हे पार्लरवाल्याला महिनाअखेरीला कळे.

नोंद न होण्याला विजेचाही हातभार होता. शतक पालटल्यावर काही वर्षांत राज्यात भारनियमन सुरू झाले आणि मराठवाड्यातली गावे दिवसचे दिवस अंधारात बसू लागली. शेजारच्या बीड जिल्ह्यात, गंगाखेडपासून तासाभराच्या आत, परळीचे औष्णिक केंद्र. पण चिमणीचा धूर दिसणे आणि घरी दिवा लागणे या वेगळ्या गोष्टी. चौथ्या टप्प्याचा बॉस अर्धा झालेला, दोन लाइफ हातात, आणि खट्कन पडदा काळा. मधोमध एक पांढरा ठिपका काही क्षण उरे, तोही विझे. मग वाद. पार्लरवाल्याचे म्हणणे, लाइट काय मी घालवली? पोरांचे म्हणणे, रुपया द्या नाहीतर पुन्हा पहिल्यापासून द्या. सौदा बहुधा अर्ध्यावर तुटे: लाइट आल्यावर एक चान्स, पण ज्याचा रुपया होता तो तोवर तिथेच बसलेला पाहिजे. म्हणून पोरे अंधारात बसून राहत. गोष्टी सांगण्याची खरी वेळ तीच. यंत्र बंद, आणि शेवटच्या बॉसची डोकी वाढत चाललेली.

पेट्या गेल्या कशा, यात सांगण्यासारखे थोडे आहे. आधी सायबर कॅफे आले. जुन्या यंत्राची नक्कल करणारे सॉफ्टवेअर संगणकावर टाकून तोच मुस्तफा तासाच्या भाड्याने खेळता येऊ लागला, आणि एक कळ दाबली की हवी तितकी नाणी मिळू लागल्याने त्यातली मजा गेली. मग मोबाइल आले. २०२० च्या सप्टेंबरात पबजीवर बंदी आली तेव्हा ज्यांना हळहळ वाटली ती पोरे वेगळ्या पिढीची. त्यांच्या मारामारीत शंभर जण असतात, पण पाठीमागे उभे राहून बोलणारा तिसरा नसतो. ‘व्हिडिओ गेम पार्लर’ हा शब्द तर वर्तमानपत्रात आता बहुधा जुगारावरच्या छाप्याच्या बातमीतच भेटतो. प्लायवूडच्या पेट्यांची काच काढून त्यांची कपाटे झाली, काही पावसात फुगून गेल्या.

मुस्तफाचा गेम ज्यांनी शेवटपर्यंत पार केला त्यांना यंत्र नाव लिहायला सांगे. दांडी हलवत एकेक इंग्रजी अक्षर शोधायचे आणि बटण दाबून कायम करायचे. बहुतेकांची शाळेच्या बाहेर आपले नाव इंग्रजीत लिहिण्याची ही पहिलीच वेळ. ज्याचे नाव वरच्या ओळीत लागे तो दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवी आणि दुसऱ्या दिवशी भावाला घेऊन येई. पण हे आकडे यंत्राच्या पोटात टिकत नसत. वीज गेली की पुसले जात. भाऊ येईपर्यंत लाइट जाऊन आलेली असे. पडद्यावर शीर्षक, मोटार, डायनोसॉर, मग कारखान्यातून आलेली तीच परकी नावे, आणि पुन्हा डेमो सुरू.